स्लाइड अर्ध्यावर अडते म्हणजे पंप गेला असे नव्हे

आपला प्रश्न मी दोनदा वाचला, कारण त्यातले काही तपशील आपण सहज लिहून गेला आहात आणि उत्तराचा मोठा भाग त्यांतच दडलेला आहे. आपण फीनिक्सजवळ राहता. गेल्या वर्षी बारा वर्षे वापरलेली डिझेल मोटरहोम, म्हणजे आत राहण्याची सोय असलेली गाडी, घेतलीत. चालकाच्या बाजूची मोठी स्लाइड, म्हणजे सोफा आणि फ्रिज असलेला सरकता भाग, बाहेर जाताना विनातक्रार जातो. आत येताना मात्र निम्म्या वाटेत मंदावतो आणि थांबतो. दहा मिनिटांनी पुन्हा बटण दाबले की आणखी वीतभर आत येतो. झोपण्याच्या खोलीची लहान स्लाइड आणि गाडी समतल करणारे जॅक नीट चालतात. गॅरेजमधून पंप बदलण्याचा सल्ला मिळाला आहे. टाकीत ऑइल कमी दिसले म्हणून आपण स्लाइड बाहेर असतानाच एक क्वार्ट, म्हणजे लिटरहून किंचित कमी, ऑइल ओतले आहे. नोव्हेंबरात साताऱ्याहून आई-वडील येतील तेव्हा त्यांना घेऊन ग्रँड कॅन्यनला जायचे आहे, तर त्याआधी पंप बदलून घ्यावा का, असे आपण विचारले आहे.

माझे उत्तर असे की, आपण दिलेल्या माहितीवरून पंपावर आरोप सिद्ध होत नाही. उलट त्यातल्या दोन गोष्टी पंपाच्या बाजूने साक्ष देतात. मी आधी पुण्यात भोसरीच्या एमआयडीसीत प्रेस मशीनच्या हायड्रॉलिकवर काम केले आणि गेली अनेक वर्षे इंडियाना राज्यात एल्कहार्टच्या परिसरात, जिथे अमेरिकेतल्या बहुतांश आरव्ही, म्हणजे मोटरहोम आणि राहण्याचे ट्रेलर, तयार होतात, याच प्रकारच्या गाड्यांची दुरुस्ती करतो. त्या अनुभवावरून सांगतो, की हायड्रॉलिक स्लाइडची तक्रार घेऊन येणाऱ्या गाड्यांमध्ये मूळ दोष बॅटरी, केबल, अर्थिंग किंवा स्लाइडच्या वाटेतला अडथळा यांपैकी एखादा असतो, असेच मला अधिक वेळा आढळले आहे. गाडी प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय मी निदान करू शकत नाही. परंतु कोणत्या क्रमाने तपासावे आणि तोच क्रम का, हे मी नक्की सांगू शकतो.

प्रथम यंत्रणेची रचना लक्षात घ्यावी. बारा व्होल्टची एक मोटर पंप फिरवते, पंप टाकीतले ऑइल दाबाखाली व्हॉल्व्हच्या ब्लॉकपर्यंत पोहोचवतो, आणि तिथून ज्या स्लाइडचा व्हॉल्व्ह उघडलेला असेल तिच्या सिलिंडरकडे ते ऑइल जाते. आपल्या गाडीप्रमाणे अनेक गाड्यांत दोन्ही स्लाइड आणि जॅक यांना मिळून हा एकच पंप असतो. आता विचार करा: जो पंप कित्येक टन वजनाची गाडी जॅकवर उचलतो, तो सोफा आणि फ्रिज ओढण्याइतका दाब निर्माण करू शकत नाही, हे पटण्यासारखे आहे का? जॅक थोडाच वेळ चालतात आणि स्लाइड बराच वेळ चालते, हा फरक मी मान्य करतो. ऑइल तापल्यावर पातळ होऊन झिजलेला पंप ढिला पडू शकतो. परंतु मग मोठी स्लाइड बाहेर जातानाही शेवटी शेवटी रेंगाळायला हवी होती. ती तशी रेंगाळत नाही. ही पंपाच्या बाजूची पहिली साक्ष.

दुसरी साक्ष म्हणजे ती दहा मिनिटे. झिजलेला पंप थोडी विश्रांती दिल्याने फारसा सुधारत नाही. विश्रांतीने सुधारतात त्या वस्तू वेगळ्या आहेत: दमलेली बॅटरी थोडी सावरते, तापून तुटलेला आणि थंड झाल्यावर आपोआप जोडला जाणारा सर्किट ब्रेकर पुन्हा जोडला जातो, आणि काही मोटरींमधले उष्णतेपासून संरक्षण करणारे कळसूत्रही तसेच परत जोडले जाते. म्हणून दहा मिनिटांनी स्लाइड पुन्हा हलते, हे वाक्य वाचताच माझे लक्ष ऑइलावरून उठून विजेकडे गेले.

पहिली तपासणी कानाने करावी. घरातल्या एखाद्याला बटण दाबायला सांगा आणि आपण पंपाजवळ उभे राहा. स्लाइड थांबते त्या क्षणी मोटरचा आवाज एकदम बंद झाला, तर वीजपुरवठा तुटला आहे. ब्रेकर किंवा सोलेनॉइड, म्हणजे मोटरला वीज जोडणारा विद्युतचुंबकी स्विच, पाहावा. आवाज हळूहळू खोल आणि रडका होत गेला, तर मोटरला व्होल्टेज कमी पडते आहे किंवा भार फार वाढला आहे. मोटर तालात फिरते आहे, आवाजाला मात्र एकसारखा ताण आला आहे आणि स्लाइड जागची हलत नाही, असे असेल तर दाब कमाल मर्यादेपर्यंत पोहोचून ऑइल रिलीफ व्हॉल्व्हमधून टाकीत परतते आहे. अशा वेळी अडथळा पुढे, स्लाइडच्या वाटेत आहे. आणि मोटर हलकेच, भाराशिवाय फिरल्यासारखी वाजत असेल, तर मात्र पंप, मोटर व पंप यांना जोडणारा कपलिंगचा तुकडा, शोषणारी नळी किंवा न उघडणारा व्हॉल्व्ह यांच्याकडे वळावे. आपल्या पत्रात आवाजाचा उल्लेख नाही. तो मला सर्वांत आधी हवा आहे.

आता व्होल्टेज, आणि इथे मी थोडा जास्त वेळ घेणार आहे, कारण सर्वाधिक चुका इथेच होतात. आपण लिहिले आहे की आतल्या पॅनेलवर १२.५ व्होल्ट दिसतात आणि गाडी घराच्या विजेला जोडलेली आहे, म्हणून बॅटरी चांगली असली पाहिजे. या दोन्ही गोष्टींवरून तो निष्कर्ष निघत नाही. १२.५ हा आकडा भार नसतानाचा आहे. शिसे-आम्लाच्या भरलेल्या बॅटरीला विश्रांतीत १२.६ ते १२.७ व्होल्ट असतात आणि निम्मी उतरलेली बॅटरीही सुमारे १२.२ दाखवते, पण ही मोटर भाराखाली शंभर अँपिअरच्या घरात, प्रसंगी त्याहूनही अधिक प्रवाह ओढते, आणि त्या वेळी बॅटरी किती तग धरते हे विश्रांतीतला आकडा सांगत नाही. घराची वीज जोडलेली असली तरी तिच्यावर चालणारा चार्जर बॅटरी भरत असतो. पंपाच्या मोटरला एकाएकी लागणारा मोठा प्रवाह मुख्यतः बॅटरीतूनच येतो. शिवाय उष्णतेने या बॅटऱ्यांचे आयुष्य घटते, त्यामुळे फीनिक्सचे काही उन्हाळे काढलेल्या बॅटरीवर मी चाचणी केल्याशिवाय विश्वास ठेवत नाही. पूर्वीच्या मालकाने लिथियम बॅटरी बसवली असेल, तर तिच्या आतले संरक्षक सर्किट ठरावीक प्रवाहाच्या पुढे पुरवठा तोडते, तेही पाहावे लागेल.

म्हणून साधा मल्टिमीटर घ्या आणि मोटर चालू असताना, स्लाइड मंदावत असतानाच, मोजा. आधी पंपाला नेमकी कोणती बॅटरी वीज देते ते शोधा. काही मोटरहोममध्ये ती इंजिनाची असते, काहींत घरगुती वापराची. पहिले माप त्या बॅटरीच्या दोन्ही खांबांवर घ्यावे. तिथेच आकडा ११ च्या खाली जात असेल, तर बॅटरी पूर्ण भरून, आणि तरीही तसेच झाले तर बदलून, पुढचा विचार करावा. दुसरे माप मोटरच्या टर्मिनलवर आणि मोटरच्या अंगावर. बॅटरीवर १२ आणि मोटरवर १०, असे दिसले तर दोन व्होल्ट वाटेत हरवले आहेत. तिसरे माप बॅटरीच्या धन खांबापासून मोटरच्या धन टर्मिनलपर्यंत आणि चौथे बॅटरीच्या ऋण खांबापासून मोटरच्या अंगापर्यंत. हे दोन आकडे हरवलेले व्होल्ट कोणत्या बाजूला गेले ते सांगतात. मी स्वतः दोन्ही बाजू मिळून एक व्होल्टपर्यंतची घट चालवून घेतो, त्याहून अधिक नाही.

इतक्या बारीक घटीकडे लक्ष का द्यायचे, याचे गणित सोपे आहे. प्रवाह शंभर अँपिअर असेल तर एक शतांश ओहमचा रोध पूर्ण एक व्होल्ट खातो. एक शतांश ओहम म्हणजे गंजलेला एखादा बोल्ट, सैल झालेला केबलचा लग, म्हणजे तिच्या टोकाची धातूची कडी, रंगावर कसलेली अर्थिंग. हातात मल्टिमीटर धरून नुसता रोध मोजला तर हा दोष दिसतच नाही. तो प्रवाह वाहत असतानाच प्रकट होतो. काही वर्षांपूर्वी एका निवृत्त जोडप्याचा मोठा ट्रेलर माझ्याकडे आला. त्यांनी दुसऱ्या एका ठिकाणी आधी पंप आणि मग एक सिलिंडर बदलून घेतला होता, आणि तक्रार जशीच्या तशी होती. ऋण बाजूवर मला दीड व्होल्टपेक्षा जास्त घट मिळाली. चासीवर जिथे अर्थिंगची केबल कसली होती, तिथला बोल्ट वरून स्वच्छ दिसत होता. लगखाली मात्र रंग आणि गंज यांचा थर होता. तो घासून, नवा बोल्ट कसून स्लाइड चालवली तेव्हा ती एका दमात आत आली. त्या दोघांच्या बचतीतला जो पैसा विनाकारण गेला, त्याचे मला आजही वाईट वाटते, आणि म्हणूनच मी मोजल्याशिवाय कोणालाही भाग बदलू देत नाही.

आपल्या बाबतीत आणखी एक ठिकाण संशयित आहे. काही यंत्रणांमध्ये मोटर एकाच दिशेने फिरते आणि स्लाइडची दिशा व्हॉल्व्ह ठरवतात. काहींमध्ये मोटर स्वतःच उलट-सुलट फिरते आणि त्यासाठी आत व बाहेर यांचे वेगवेगळे सोलेनॉइड असतात. आपली यंत्रणा दुसऱ्या प्रकारची असेल, तर 'आत' चा सोलेनॉइड आतून जळून त्याचे संपर्क खराब झाले असण्याची शक्यता विचारात घ्यावी. भार असताना त्याच्या दोन जाड टर्मिनलांवर मीटर लावा. दोन दशांश व्होल्टहून बरेच अधिक दिसले तर तो बदलावा. पंपाच्या तुलनेत तो किरकोळ खर्च आहे. लहान स्लाइड मग कशी आत येते, असे आपण विचाराल. तिचा भार कमी असतो, म्हणून ती अशा दुबळ्या पुरवठ्यावरही निभावून नेते.

वीज निर्दोष निघाली आणि मोटरच्या आवाजात ताण असला, तर स्लाइडची वाट तपासावी. मोठ्या स्लाइडची फरशी बाहेर गेल्यावर गाडीच्या फरशीच्या पातळीला खाली उतरते, अशी रचना आपल्याकडे असेल तर आत येताना तिला उतरंडीवर चढावे लागते. त्यामुळे बाहेर जाणे सोपे आणि आत येणे कठीण, हा फरक मुळातच असतो. त्यात रोलर झिजलेला किंवा फरशीचे लाकूड पावसाच्या पाण्याने कुजलेले असेल, तर रोलर त्यात रुततो. स्लाइडच्या खालच्या कडेला बोथट पेचकसाने टोचून पाहा. लाकूड दबले तर दोष हायड्रॉलिकचा नाहीच. स्लाइड एकेक फूट आत घेऊन दोन्ही टोकांचे अंतर टेपने मोजा. एक टोक मागे राहत चालले असेल तर ती तिरकी होऊन फसते आहे. वरच्या छताच्या कापडात अडकलेली फांदी, चासीवर साचलेले खडे, कपाटाचे अर्धवट उघडे दार, मागे कललेली चालकाची खुर्ची, ही कारणे ऐकायला क्षुल्लक वाटतात. मला ती प्रत्यक्ष सापडली आहेत. गाडी जॅकवर अनेक दिवस उभी राहिल्यावर जमीन खचून ती थोडी तिरपी झालेली असते, म्हणून मोठी स्लाइड हलवण्यापूर्वी गाडी पुन्हा समतल आहे ना, ते आपल्या गाडीच्या पुस्तिकेतील क्रमानुसार पाहावे.

ऑइलविषयी मात्र आपल्याला तातडीने सावध करायला हवे. सिलिंडरचा रॉड बाहेर असतो तेव्हा सिलिंडरमध्ये ऑइल सर्वाधिक आणि टाकीत सर्वांत कमी असते; रॉड आत गेला की त्याने जेवढी जागा व्यापली तेवढे ऑइल टाकीत परतते. उदाहरणार्थ, सव्वा इंच जाडीचा आणि छत्तीस इंच प्रवासाचा एक रॉड सुमारे पाऊण लिटर ऑइल परत पाठवतो. म्हणजे बहुतेक रचनांमध्ये स्लाइड बाहेर असताना टाकी रिकामी दिसणे हे स्वाभाविक आहे, आणि त्या स्थितीत टाकी भरली तर सर्व स्लाइड व जॅक आत घेताना ऑइल झाकणातून बाहेर येते. म्हणूनच पातळी सर्व स्लाइड आणि सर्व जॅक आत असताना पाहायची असते. आपण ओतलेला क्वार्ट स्लाइड पूर्ण आत येईपर्यंत जादा ठरण्याची शक्यता आहे. झाकणाभोवती कापड गुंडाळून ठेवा, आणि सर्व आत आल्यावर पातळी भरण्याच्या तोंडाच्या थोडी खाली येईल इतके ऑइल मोठ्या पिचकारीने काढून घ्या. यातूनच आणखी एक गोष्ट कळते. ऑइल खरेच कमी असते, तर पंपाने हवा ओढण्याची वेळ बाहेरच्या प्रवासाच्या शेवटी किंवा आतल्या प्रवासाच्या आरंभी आली असती. आपली स्लाइड मध्यावर अडते, जेव्हा टाकीत ऑइल वाढू लागलेले असते.

कोणते ऑइल चालते हे टाकीवरच्या लेबलावर लिहिलेले असते. अनेक यंत्रणांना डेक्स्रॉन प्रकारचे ट्रान्समिशन ऑइल लागते, सर्वांना नाही. ब्रेक फ्लुइड कधीही घालू नये, ते सील नासवते. ऑइल दुधाळ गुलाबी दिसले तर त्यात पाणी शिरले आहे, फेसाळ दिसले तर हवा.

आतापर्यंतचे थोडक्यात असे: आवाज ऐका, भाराखालचे व्होल्टेज मोजा, स्लाइडची वाट पाहा, आणि ऑइलची पातळी सर्व काही आत असताना तपासा. हे सारे निर्दोष निघाले, तरच प्रेशर गेज लावण्याची वेळ येते, आणि ते काम अनुभवी माणसाकडून करून घ्यावे. या यंत्रणांचा कमाल दाब अनेकदा ३००० पीएसआयच्या (दर चौरस इंचाला पौंड) आसपास असतो. नेमका आकडा पंपावरच्या पट्टीवर पाहावा. स्लाइड अडलेली असताना गेज त्या आकड्यापर्यंत पोहोचला, तर पंप निर्दोष आहे. व्होल्टेज पुरेसे असूनही गेज खूप खाली राहिला, तर दोषी पंप, रिलीफ व्हॉल्व्ह किंवा सिलिंडरचे सील यांपैकी एक. सीलची चाचणी वेगळी आहे: स्लाइड पूर्ण बाहेर काढून, दाब सोडून, सिलिंडरच्या रॉडकडची नळी सोडवतात आणि बाहेरच्या दिशेने पुन्हा दाब देतात, त्या उघड्या तोंडातून ऑइल सतत वाहत राहिले तर दट्ट्याचे सील गेले. ज्या यंत्रणेत बाहेर जाताना दोन्ही बाजूंना दाब दिला जातो, तिथे ही चाचणी याच पद्धतीने चालत नाही, म्हणून आधी सर्किटचा नकाशा पाहावा.

सुरक्षिततेविषयी मला कळकळीने सांगायचे आहे. गळती हाताने चाचपून शोधू नका. सुईएवढ्या छिद्रातून उडालेली धार कातडी भेदून आत जाते. बाहेरून केवळ टाचणी टोचल्यासारखे दिसते, पण आतले ऊतक नासू लागते आणि अशा वेळी तासाभराचाही विलंब न करता शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात जावे लागते. भोसरीत माझ्या उस्तादांनी पहिल्याच दिवशी माझ्या हातात पुठ्ठा दिला होता. गळती शोधायला मी आजही पुठ्ठाच वापरतो. स्लाइड हलत असताना तिच्या आणि भिंतीच्या मध्ये, किंवा तिच्याखाली, कोणीही असू नये. आई-वडील सोबत असतील तेव्हा बटण दाबण्यापूर्वी प्रत्येक जण कुठे उभा आहे हे डोळ्यांनी पाहून, मोठ्याने सांगून मगच सुरुवात करा.

ग्रँड कॅन्यनची दक्षिण कडा सुमारे ७००० फूट उंचीवर आहे आणि नोव्हेंबरात तिथल्या रात्री शून्याखाली जातात. थंडीत ऑइल दाट होते आणि बॅटरीची क्षमता घटते, त्यामुळे फीनिक्सला जेमतेम चालणारी स्लाइड तिथे पहाटे अडण्याची शक्यता अधिक. म्हणून दुरुस्तीनंतर ती घरीच लागोपाठ तीनदा पूर्ण आत-बाहेर करून पाहा, पण दर फेरीनंतर मोटरला थंड होऊ द्या. हाताने स्लाइड आत घेण्याची सोयही निघण्यापूर्वी शिकून घ्या: काही पंपांच्या मोटरला टोपीखाली षटकोनी टोक असते, ते ड्रिलने फिरवता येते, आणि व्हॉल्व्हवर हाताने उघडण्याचे स्क्रू असतात. फिरवण्याची दिशा यंत्रणेगणिक बदलते, म्हणून झाकणाच्या आतल्या सूचनेचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा, आणि काम झाल्यावर ते स्क्रू पुन्हा पूर्ववत बंद करा. उघडे राहिले तर रस्त्यावर स्लाइड आपोआप बाहेर सरकू शकते. स्लाइडला प्रवासातले कुलूप असेल तर तेही लावावे.

चारही व्होल्टेजची मापे, मोटरचा आवाज कसा होता ते, आणि स्लाइड दोन्ही टोकांना किती आत आली त्याचे इंच मला लिहून पाठवा. तोवर गॅरेजला इतकेच विचारा, की पंप दोषी ठरवण्यापूर्वी त्यांनी भाराखाली मोटरवर किती व्होल्ट आणि गेजवर किती दाब पाहिला. हे दोन आकडे त्यांच्याकडे असतील आणि व्होल्टेज पुरेसे असूनही दाब कमी भरला असेल, तर सील आणि रिलीफ व्हॉल्व्ह तपासून झाल्यावर मीही पंप बदलायलाच सांगेन.